हलक्या सॅकनं पितळखोऱ्यापर्यंत

सॅक घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "भाभी, ट्रेन से जाना है या बस से?"

"पायी," मी म्हटलं.

त्यानं काउंटरवरून वाकून आमच्या चपलांकडं बघितलं, मग आमच्या तोंडाकडं बघितलं आणि दोन चहा सांगितले. माणूस भला होता.

मी वाळूजच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांना जेवणाचे डबे करून देते. दिवसभर उभी असते, पण ओट्यापासून दारापर्यंत. चालणं म्हणावं असं काही नाही. सोबत होती माझी धाकटी नणंद शैला. ती फुलंब्रीकडं एका खेड्यात राहते, कापूस-मक्याची शेती बघते. तिचे यजमान मागच्या वर्षी अचानक गेले. दुपारी शेतातून आले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. तेव्हापासून ही बाई घरातून शेतात आणि शेतातून घरात. लग्न नाही, बारसं नाही. आमच्याकडं आली तरी चार बायका जमल्या की ही उठून मागच्या खोलीत. तिला कुणी ऊठ म्हटलेलं नसायचं. कुणी म्हणायच्या आत ती स्वतःच उठायची.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शैला शाळेत होती. मला स्वयंपाकघरातून ओढून विहिरीवर न्यायची, चिंचा पाडायला लावायची, आणि हसायला लागली की शेजारची म्हातारी काय झालं म्हणून विचारायला यायची. मला ती शैला परत पाहिजे होती. दुसरं काही नाही.

म्हणून हे चालायचं खूळ मी काढलं. जगभरातून लोक आपल्याकडं लेणी बघायला येतात आणि आम्ही दोघी इथंच जन्मून वेरूळच्या पुढं गेलो नव्हतो. म्हटलं, पितळखोऱ्याला जाऊ, तेही चालत, सावकाश, पाच-सहा दिवसांत. शैलानं हातातली भाजी आधी निवडून संपवली. मग म्हणाली, "येते वहिनी. पण एक सांगून ठेवते. वाटंत कुणाच्या घरी काही कार्य निघालं तर मी तिथनंच गाडी धरून माघारी येईन. मला आडवायचं नाय."

मी हो म्हटलं. मनात मात्र धाकधूक होती, कारण त्या रस्त्यानं दर अर्ध्या तासाला एसटी जाते.

तर दुकान. मला तिथल्या खिसेवाल्या सॅकची भूल पडली. बाटलीला खिसा, मोबाइलला खिसा, खिशाच्या आत अजून एक खिसा. डबेवाल्या बाईला कप्पे दिसले की सुचेनासं होतं. दुकानदार म्हणाला, "भाभी, जितने कप्पे उतना वजन. रिकामी बॅगच दीड-दोन किलोची झाली तर तुम्ही काय घेऊन चालणार?" मग त्यानं एक साधी, राखाडी, पातळ कापडाची काढली. वरून गुंडाळी करून बंद करायची, बाहेर दोन जाळ्या, बस्स. हातात घेतली तर रिकाम्या पिठाच्या पिशवीएवढी. मी म्हटलं, ही फाटेल. तो म्हणाला, फाटली तर माझ्या दुकानात येऊन मला फाडा.

नंतर त्यानं टेप दिला आणि पाठ मापायला लावली. मानेच्या खाली जे हाड हाताला लागतं तिथून कमरेच्या हाडापर्यंत. सॅक माणसाच्या उंचीवर घ्यायची नसते, पाठीच्या लांबीवर घ्यायची असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी शैलाची पाठ मापायला लागले तर ती पुटपुटली, "सॅक घेतोय का ब्लाउज शिवतोय?" मी टेप धरून थांबले. कितीतरी महिन्यांनी ती स्वतःहून काही गमतीचं बोलली होती.

दुकानदारानं सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या घातल्या आणि आम्हाला दुकानाचा जिना चढायला-उतरायला लावला. कमरेचा पट्टा आवळला की खांद्यावरचं ओझं खरंच खाली उतरतं आणि माकडहाडावर न बसता दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसतं. खांदे मोकळे राहतात. दोघींसाठी एकसारख्या, चाळीस लिटरच्या दोन घेतल्या.

"और टेंट? सबसे भारी वही होता है," तो म्हणाला.

इथं मी जी अक्कल पाजळली ती ऐका. म्हटलं, तंबू कशाला? दौलताबादला चुलत जाऊ आहे, वेरूळला मावशी, हतनूरला भाची. दर मुक्कामाला हक्काचं घर. अंथरूण नको, स्टोव्ह नको, भांडी नकोत. दुकानदारानं दोन्ही हात जोडले. "भाभी, ये तो सबसे लाइट सिस्टम है."

घरी येऊन मी वजनकाट्यावर एक-एक वस्तू तोलली. साबण अर्धा कापला, कंगवा दोघींत एक, तेल बाटलीऐवजी डबीत. आमचे हे बाजूला उभं राहून बघत होते. म्हणाले, "नखं काढून जा, तेवढंच वजन कमी." मी लक्ष दिलं नाही. थंडी चांगली असते म्हणून जानेवारी धरला होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून घेतला आणि संक्रांत झाल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. थंडी बघितली, दिवस बघितले नाहीत. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या दौलताबाद येईपर्यंत आलं नाही.

दौलताबाद

पहिला दिवस छान गेला. गावाबाहेरच्या ढाब्यांचा वास मागं पडला, हवेत गारठा, पंजाबी ड्रेस आणि बूट घातलेल्या दोन बायका पाठीवर सॅक टाकून चालल्यात म्हणून दुधवाले वळून वळून बघतायत. शैला आयुष्यात पहिल्यांदा बूट घालून चालत होती. तिला ते आवडले होते, पण सांगायला तयार नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "पाय गरम राहत्यात, येवढंच." एका पेरूवाल्या बाईनं आम्हाला दगडावर बसवून पेरू कापून दिले आणि कुठल्या कंपनीचं काय विकताय म्हणून विचारलं. काहीच विकत नाही, नुसत्या चालतोय म्हटल्यावर तिनं आम्हाला अजून एक पेरू दिला, बहुधा कीव येऊन.

उन्हं कलताना जावेच्या दारात पोचलो. दारात ही मोठी रांगोळी, अंगणात सतरंजी, आणि सतरंजीवर नव्या साड्यांतल्या वीस-पंचवीस बायका.

"अगं बाई, सुमन! बरी टायमावर आलीस," माझी जाऊ रत्ना धावत आली. "आजच माझं हळदीकुंकू."

मी कपाळावर हात मारून घेतला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडं घरोघरी काय चालतं हे काय मला कुणी शिकवायला पाहिजे होतं? मागं वळून बघते तर शैला नव्हती. ती सॅक ओसरीवर ठेवून मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली होती आणि बायकांसाठी वाट्यांत तिळगूळ भरत बसली होती.

रत्ना वाईट नाही हो. तिनं सगळ्यांच्या आधी शैलाचं ताट वाढलं, पोळीवर तुपाची धार सोडली, दोनदा जाऊन काय हवं-नको बघून आली. पण ताट आत पाठवलं. सगळं त्यातच आलं.

सकाळी निघताना मला पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं, ओंजळीनं गहू ओटीत घातले, वर नारळ, वर खण. शिवाय कालचं वाण म्हणून एक प्लास्टिकची टोपली. मी म्हटलं, "रत्ने, अगं मी चालत चालले. चाळीस लिटरची सॅक आहे माझी."

"चाळीस लिटर दूध मावतंय आन् येक नारळ मावंना व्हय?" तिनं मला गप्प केलं. "पयल्यांदा चालत माझ्या दारी आलीस. मोकळी कशी लावून देऊ?"

शैला सॅक पाठीला लावून फाटकापाशी उभी होती, रस्त्याकडं तोंड करून. रत्नानं तिला जवळ घेतलं, डोळ्याला पदर लावला, हातात चिवड्याची पुडी दिली. चिवड्याची पुडी.

वाटेत शैलानं विचारलं, "वेरूळलाबी असंच असंल का?"

"नसेल गं. मावशी म्हातारी आहे, ती कशाला करतेय."

"इथनं फुलंब्रीला गाडी कुठनं मिळंल?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि घाट चढायला लागले.

घाट आणि वेरूळ

नारळ काय चीज आहे हे घाटात कळतं. सॅक भरायची रीत दुकानदारानं शिकवली होती: जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध. पण नारळ गोल. तो कपड्यांतून फिरत फिरत बरोबर कमरेच्या हाडावर येऊन बसायचा आणि पावलागणिक टोचायचा. गव्हाची पिशवी एका बाजूला कललेली. टोपली आत मावेना म्हणून बाहेर बांधलेली, ती वाऱ्यानं फडफडायची. माझा डावा गुडघा अर्ध्या घाटात बोलायला लागला. मी कठड्यावर बसले.

शैला माझ्याकडं बघत उभी राहिली. खाली दौलताबादचा किल्ला उन्हात तांबूस दिसत होता. "द्या तो नारळ हिकडं," ती म्हणाली.

"राहू दे."

"द्या म्हन्ते ना. कापसाची गाठोडी उचलती मी, नारळाचं काय कौतिक." तिनं स्वतःच माझी सॅक उघडली, नारळ काढला, गहू काढले आणि आपल्या सॅकमध्ये पाठीशी चापून बसवले. नंतर टोपली सोडवून डोक्यावर उपडी घातली, उन्हाची. त्या अवतारात तिनं राहिलेला घाट चढला. समोरून आलेल्या जीपमधल्या माणसांनी हात हलवला तर हिनंही हलवला. मी मागून लंगडत, पण खूश.

वेरूळला मावशीनं कार्यक्रम केला नव्हता, पण तिची ओटी ठरलेली. नारळ, गहू, खण, आणि वाण म्हणून हळदीकुंकवाचा छोटा स्टीलचा करंडा, भरलेला. तेव्हाही शैला उठून न्हाणीघराकडं गेली आणि घंगाळ घासत बसली. आमच्या शहरात हल्ली हळदीकुंकू म्हणजे गाळणी नाहीतर साबणदाणी हातावर ठेवायची आणि पुढच्या घरी पळायचं. खेड्यात अजून गहू देतात, आणि मूठ आखडत नाहीत. माझ्या गुडघ्याला हे कौतुक फार महागात पडत होतं. करंडा आणि दुसरा नारळही शैलाच्या सॅकमध्ये गेला. बोलणं झालंच नाही, तिनं हात पुढं केला आणि मी दिलं.

हतनूर

वेरूळच्या पुढं आम्ही मोठा रस्ता सोडून पाणंदीनं चाललो. दोन्ही बाजूंनी ज्वारी कणसावर आली होती. एका शेतात माणसं हुरडा भाजत होती, त्यांनी हाक मारली. गोवरीच्या आगीतलं गरम कणीस तळहातावर चोळून दाणे फुंकले आणि आमच्या ओंजळीत टाकले. शैला त्यांच्याशी बोंडअळीवर, कापसाच्या वेचणीवर बोलत बसली. ती बोलते आहे हे बघून मी मुद्दाम हळूहळू खात होते.

आणि संध्याकाळी हतनूरला भाचीच्या दारात पुन्हा रांगोळी. भाची नवीन लग्न झालेली, तिचं पहिलं हळदीकुंकू, हौस मोठी. मला मखरापाशी बसवलं, माझ्या मांडीवर नारळ ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघितलं. शैला गोठ्यात वासराच्या गळ्याला हात घालून बसली होती. घरात गाणी चालली होती आणि ती वासराच्या कानामागं खाजवत होती. मला तो नारळ फेकून द्यावासा वाटला. पण भाचीच्या तोंडाकडं बघितलं, ती इतकी आनंदात होती. नारळ तसाच धरून बसले.

सकाळी शैलानं सॅक उचलली आणि सरळ एसटी थांब्यावर जाऊन उभी राहिली.

"वहिनी, मी जाते. रागानं नाय. पण प्रत्येक घरी आत जाऊन बसायला मला नाय जमत आता. घरी असले म्हंजी निदान माझंच घर असतंय."

शब्द दिलेला होता. म्हटलं, "जा बाई."

"तुमचं सामान घ्या," असं म्हणून ती थांब्याच्या ओट्यावर खाली बसली आणि सॅकमधून एकेक काढायला लागली. एक नारळ. दुसरा नारळ. गव्हाच्या पिशव्या. करंडा. कालचं वाण म्हणून मिळालेल्या स्टीलच्या वाट्या. थांब्यावर एक म्हातारबाबा बसले होते, ते म्हणाले, "कुठं दुकान हाय म्हनायचं?"

मी माझी सॅक उघडली. तिच्यात कालचा तिसरा नारळ आधीच होता. त्यावर दुसरा बसवला. गहू कोंबले. वाट्या बाजूनं सारल्या. करंडा घातला तर नारळ वर आला. नारळ दाबला तर गहू वर आले. वरची गुंडाळी एक वेढासुद्धा घेईना. शैलानं गुडघा रोवून दाबलं, मी पट्टा ओढला, म्हातारबाबांनी उठून वरून हात दिला. सॅक काही मिटेना. कमरेला लावून उठायला गेले तर मी उठलेच नाही, सॅकनं मला परत ओट्यावर बसवलं.

तेवढ्यात गाडी आली. दार उघडलं. कंडक्टरनं आमचा पसारा बघितला. "चढा की मावशी, नारळाला तिकीट लागत नाय."

शैलानं गाडीकडं बघितलं. ओट्यावर उताण्या पडलेल्या माझ्याकडं बघितलं. मी एक शब्द बोलले नाही, देवाशपथ. तोंडात पट्ट्याचं टोक होतं.

"जाऊ द्या," ती कंडक्टरला म्हणाली. आणि मला म्हणाली, "कन्नडपर्यंत पोचवते. तिथनं जाते."

गाडी गेली. माझा जीव भांड्यात पडला. हलकी सॅक निवडली म्हणून स्वतःला आठवडाभर शहाणी समजत होते, ती खरी शहाणी त्या थांब्यावर ठरले. खिसेवाली मोठी घेतली असती तर सगळं त्यात मावलं असतं आणि माझी नणंद घरी गेली असती.

कन्नडच्या पुढं

कन्नडला आमचं कुणी नाही, याचा मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. लॉजवर उतरलो, गरम पाण्यात पाय बुडवून बसलो. मी म्हटलं, "एक नारळ फोडू या, गुळाबरोबर खाऊ. वजन तरी कमी होईल."

"ओटीचा नारळ असा वाटंत फोडत्यात व्हय?" शैला एकदम कडाडली. "घरी नेऊन देवापुढं ठेवायचा असतो. तुमाला काय कळतंय का नाय?"

जिचा नारळ ती निवांत आणि जिला कुणी दिला नाही ती राखणीला. मी गुपचूप पाय बुडवून बसले. सकाळी गाडीचा विषय निघाला नाही. तिनं बूट घातले, जड सामान आपल्या सॅकमध्ये भरलं, पट्टा आवळला आणि पुढं निघाली.

डोंगराच्या पायथ्याला, कापणी झालेल्या एका रानात मेंढपाळांचं बिऱ्हाड उतरलेलं होतं. जाळीच्या कुंपणात मेंढ्या, शेजारी एक घोडं, बाजेखाली कोंबड्या. बाजेवर एक पोरगी बसली होती, विशीतली, पोट चांगलं दिसत होतं. तोंड फुगवून बसलेली. समोर मोटारसायकलला टेकून एक तरुण, आणि जमिनीवर एक म्हातारा हतबल होऊन बिडी ओढत होता.

आम्ही पाणी मागितलं. म्हाताऱ्यानं पाण्याऐवजी चहाच टाकला, मेंढीच्या दुधाचा, दाट, थोडा उग्र. मला आवडला. चहा पिता पिता कळलं ते असं. पोरगी त्याची सून. सातवा महिना. बाळंतपणासाठी तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ आलाय. पण ती उठायला तयार नाही.

"वटी भरल्याबिगर मी जायची नाय," पोरगी म्हणाली. "पयली खेप हाय माझी."

"आगं पन भरायची कुनी?" म्हातारा म्हणाला. "तुझी सासू ऱ्हायली नाय. दुसरं बिऱ्हाड म्होरं गेलं. म्या भरू का आता?"

पोरीची नजर आमच्याकडं वळली. आधी माझ्याकडं. माझ्या कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मी चहाची वाटी खाली ठेवली, उठायला लागले आणि थांबले. नारळ कुठं होता? गहू कुठं होते? करंडा?

"माझ्याकडं काहीच नाही गं," मी म्हटलं. "सगळं हिच्या सॅकमध्ये आहे." आणि परत बसले. गुडघा खरंच दुखत होता, पण तो काही उठू न देण्याइतका दुखत नव्हता.

पोरगी शैलाकडं वळली. "आत्या, मग तुमी भरता का?"

शैलाचं तोंड उतरलं. ती सॅक उघडून नारळ काढून माझ्याकडं द्यायला लागली. "ह्या भरतील. मला नाय चालत. माझे मालक नायत."

मी हात पुढं केला नाही.

पोरगी बाजेवरून खाली उतरली. तिच्या बोलण्यात समजूत घातल्यासारखं काही नव्हतं, उलट घाई होती. "माझी आई बी तशीच हाय," ती म्हणाली. "माझे वडील मी ल्हान असताना गेले. तिच्याच घरी चाललेय बाळंतपनाला. तीच मला न्हाऊ घालनार, तीच बाळाला पयलं हातात घेनार. मंग तिच्या हातचं चालतंय आन् तुमच्या हातचं नाय चालत, असं कसं?" आणि ती पदर पसरून शैलापुढं उभी राहिली.

शैला नारळ हातात धरून उभी. मग तिनं नारळ बाजेवर ठेवला. बाटलीतलं पाणी घेऊन हात धुतले, ओढणीला पुसले, ओढणी डोक्यावरून घेतली. करंडा उघडताना झाकण तिच्या हातातून खाली पडलं. हळद लावली. कुंकू लावलं, जरा वाकडं लागलं. मग ओंजळ भरून गहू, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दौलताबादचे, वेरूळचे, सगळे एकत्र. वर नारळ. वर हिरवा खण.

"सुखरूप मोकळी हो," शैला म्हणाली.

पोरगी पाया पडली. उठली, आणि जशी प्रत्येक बाई सवयीनं करते तसं तिनं करंड्यात बोट बुडवलं आणि समोरच्या बाईच्या कपाळाला हळद लावली. तिनं विचार केला नव्हता. शैलानंही केला नाही, कारण केला असता तर ती मागं सरली असती. ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून, कपाळावर पिवळं बोट उमटलेलं. मी रडत होते. खोटं कशाला बोलू, चांगली हुंदके देऊन रडत होते. म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला अजून चहा ओतला.

पोरगी मोटारसायकलवर बसली. भरलेला पदर मांडीवर घट्ट धरून, वळून वळून हात हलवत गेली.

पितळखोरे

लेण्यांकडं पायऱ्या खाली उतरत जातात. दरी अरुंद, काळ्या खडकाची, तळाला ओढ्याचं थोडंसं पाणी. दगडात कोरलेली हत्तींची रांग, बऱ्याच जणांची डोकी नाहीत, तरी उभे आहेत आपले ओळीनं. आतल्या खांबांवर अजून रंग दिसतो, माणसांचे चेहरे दिसतात. वेरूळसारखी गर्दी नाही, गाइड नाही. आम्ही दोघी आणि पारवे.

ओढ्यावर शैलानं तोंड धुतलं. मी बघत होते. तिनं गाल धुतले, मान धुतली, डोळ्यांवर पाणी मारलं, आणि कपाळ सोडून दिलं.

मग आम्ही हत्तींसमोर सावलीत बसलो आणि राहिलेल्या दशम्या काढल्या. वाळून कडक झाल्या होत्या. शैलाची सॅक बाजूला पडली होती, गहू गेल्यामुळं निम्मी मिटलेली, वरची गुंडाळी वाऱ्यानं हलत होती. तिनं ती उचलून बघितली, उलटसुलट केली, आत हात घालून चाचपली.

"काय झालं? पाठीला काही टोचलं का?" मी विचारलं.

"नाय." ती दशमीचा तुकडा मोडत होती. "पुढच्या संक्रांतीला परत जायचं का वहिनी? त्याच वाटेनं, सगळ्यांच्या घरी?"

"जाऊ की."

"मग ह्या सॅका काय कामाच्या नायत," शैला म्हणाली. "मोठी घेऊ. मला बी लोकांना द्यायला काय तरी न्यायचं असंल की नाय?"

आणि ती हसली. दरीत तिचं हसणं घुमलं, पारवे उडाले. शेजारची म्हातारी असती तर काय झालं म्हणून विचारायला नक्की आली असती.